पुढचा शब्द

दुसरा महिना, दिवस अठरावा

प्येनांच्या घरी परत आले. नववर्षाचा दीड महिना भावाकडे काढला आणि भावजयीचे टोमणे पोटात घालून होडीत बसले. कालव्याच्या पायऱ्यांवर सूवन उभी होती. सोळा वर्षांची घोडी झाली, पण होडी काठाला लागायच्या आधीच माझी पुस्तकांची पेटी ओढायला पुढे झाली. लिऊ दाई मागून ओरडत होती, "अगं, पाण्यात पडशील! या बांधलेल्या पावलांनी धावतात का कुणी?"

दाईने तिला अंगावर पाजले आहे, त्यामुळे ओरडायचा हक्क तिचा. मी फक्त शिकवणारी. पण सहा वर्षे झाली. हक्क नसला तरी जीव आहेच.

ही वही सूवनच्या जुन्या सरावाच्या कागदांची. तिच्या अक्षरांच्या पाठकोऱ्या बाजूला मी लिहिते. विधवेने दैनंदिनी ठेवावी असे कुठल्याही ग्रंथात सांगितलेले नाही. ठेवू नये असेही नाही. मी शोधून पाहिले आहे.

सकाळी चहा झाला की सूवन माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि कालचा धडा म्हणते. अडली की मी पुढचा शब्द देते. तो उचलून ती पुढे जाते. माझ्या आईने मला असेच शिकवले. पहिल्या वर्षी दिवसाला पंचवीस शब्द द्यावे लागत. हल्ली महिन्यात एकही लागत नाही. तरी जीभ तयार ठेवून बसायची माझी खोड काही जात नाही.

पेटीतून पुस्तके काढून झाल्यावर तिने दोरी परत बांधली. अगदी माझ्यासारखी, दोन वेढे आणि गाठ डावीकडे. नकला करायची सवयच आहे कार्टीला. मागे एकदा माझ्यासारखी कपाळाला आठी घालून बसायची, तेव्हा दटावले होते.

आठव्या महिन्यात तिचे लग्न. मुलगा कू घराण्यातला, दोन दिवसांच्या अंतरावर, नवव्या वर्षीच ठरलेला. मग माझे इथले काम संपले.

दुसरा महिना, दिवस सत्ताविसावा

काल बोलण्याचा धडा होता. स्त्रीच्या चार गुणांत बोलणे दुसरे येते, पण शिकवायला सर्वांत अवघड. मी सूवनला पहिल्याच वर्षी सांगितले होते: बाईच्या बोलण्यात "मला हवंय" हे शब्द नसतात. आधी मोठ्यांचा मान, मग जुना दाखला, मग कर्तव्य. हवे असते ते त्या कर्तव्याच्या पोटात ठेवायचे, ऐकणाऱ्याला दिसणार नाही असे.

सराव म्हणून म्हटले, तुझ्या खोलीची बुजवलेली खिडकी वडिलांकडून उघडून घे. तिने दुपारी प्येन साहेबांपुढे गुडघे टेकले. "बाबा, आजोबांच्या थडग्याची साफसफाई जवळ आली. त्यांच्या नावाची पाटी यंदा माझ्या हातची आहे. अंधारात अक्षर वाकडं आलं तर लोक मला नाही, प्येनांना हसतील."

आज सकाळी सुतार हजर. प्येन साहेब मलाच सांगत होते, "बाई, त्या खोलीत उजेड नाही हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही? मला मात्र बरेच दिवस खटकत होतं."

सूवन आणि मी पडद्याआड तोंडावर बाही धरून हसलो. हसता हसता तिने विचारले, "गुरुबाई, तुमचे यजमान गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"

"बाविसाव्या वर्षात."

"आणि त्याआधी वाचायला मिळायचं?"

"त्याआधी पाच वर्षं मी पुस्तक हातात धरलं नाही. त्यांना आवडत नसे. कागद दिसला की चुलीत." आणि मग माझ्या तोंडून निघून गेले, "खरं सांगू, माझं आयुष्य बाविसाव्या वर्षी सुरू झालं."

लगेच जीभ चावली. लग्नाळू मुलीपुढे असे बोलतात का? सुदैवाने ती खिडकीबाहेर बघत होती.

तिसरा महिना, दिवस एकविसावा

रेशीमकिड्यांचा महिना. दारावर लाल कागद लागला आहे. पाहुणा, भिक्षू, सरकारी माणूस, कुणीही आत येत नाही. घरात मोठ्याने बोलायचे नाही, तळण करायचे नाही, अशुभ शब्द तर अजिबात नाही. किडे ऐकतात आणि मरतात. म्हणजे इतर घरांत मरतात. आमच्या बाईसाहेबांच्या, म्हणजे सूवनच्या आईच्या, धाकाने ते मरायचीही हिंमत करणार नाहीत.

सकाळी कू घराण्याचा माणूस आला आणि होडीतच बसून राहिला. डोक्याला सुतकाचे पांढरे फडके. थोरले प्येन, म्हणजे सूवनचे मोठे काका, काठी टेकत पायऱ्या उतरले. परत आले तेव्हा काही बोलले नाहीत. त्यांनी सूवनच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हाच सगळ्यांना कळले.

मुलगा खोकल्याने गेला. सतरा वर्षांचा होता. घरात हे कुणी उच्चारू शकत नाही. लिऊ दाई म्हणते, "तो लांबच्या गावाला गेला." सूवनच्या आईला रडू फुटले तशी ती स्वतःलाच म्हणाली, "रडायचं तर कालव्यावर. किडे कात टाकायच्या दुसऱ्या झोपेत आहेत." आणि खरोखरच कालव्यावर जाऊन रडून आली.

सूवन रडली नाही. त्याला पाहिलेच नव्हते तर रडणार कशी? संध्याकाळी तुतीची पाने पुसता पुसता म्हणाली, "गुरुबाई, कूंकडे ग्रंथांची माडी आहे ना? त्यांच्या आजोबांनी बांधलेली?"

"ही वेळ आहे का असलं विचारायची?" मी म्हटले. मुलगी कधी कधी दगडाच्या काळजाची वाटते.

चौथा महिना, दिवस पाचवा

प्येन साहेब वेळ दवडणारे नाहीत. यांगचौच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचे बोलणे आले आहे. वय छत्तीस, बायको वारलेली, मुले तीन. जेवताना साहेब पडद्यापलीकडून सांगत होते, "माणूस सरळ आहे. बायको शिकलेली नको म्हणाला होता, पण एवढं चालवून घेईन म्हणतो. पुस्तकं मात्र इथंच ठेवून यायची."

सूवनने मान खाली घातली. मला वाटले, लाजली.

चौथा महिना, दिवस बारावा

आज दोनदा शाई घोटली, दोनदा वाळू दिली.

कोष उतरले, दार उघडले, रेशीमदेवीपुढे भाताचे लाडू ठेवले. सारे घर दिवाणखान्यात होते. शेजारचे दोन म्हातारे पंडितही बोलावलेले. सूवन पुढे आली. अंगात रंगीत कापड नव्हते. तिने वडिलांपुढे तीनदा कपाळ टेकवले आणि बोलायला लागली.

आधी आईवडिलांचे उपकार. मग जुन्या काळातल्या तीन निष्ठावंत कन्यांचे दाखले, ठरलेला वर वारला तरी त्याच्याच घरी नांदायला गेलेल्या. मग म्हणाली, "नवव्या वर्षी बाबांनी शब्द दिला. माणूस गेला म्हणून बाबांचा शब्द जात नाही. लेकीनं दुसरं दार धरलं तर उद्या लोक म्हणतील, प्येनांचा शब्द नवरदेवाच्या छातीत श्वास असेपर्यंतच चालतो. मला कूंच्या घरी जाऊ द्या. मी त्यांच्या आईवडिलांची सून म्हणून राहीन."

एक पंडित ढसाढसा रडला. प्येन साहेबांचेही डोळे भरले. अभिमानाने की दुःखाने, त्यांनाही सांगता आले नसते. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. बाई, काय घडवलीत हो मुलगी!

घडवली. मान, दाखला, कर्तव्य. प्रत्येक सांधा माझ्या हातचा. दाखले तर मीच निवडून दिलेले. अकराव्या वर्षी अक्षर वळावे म्हणून त्या गोष्टी तिच्याकडून शंभरदा लिहून घेतल्या होत्या. वळण सुंदर येते त्या मजकुराला, एवढाच माझा हेतू होता. वळणासाठी मी पोरीला विष चाटवले.

चौथा महिना, दिवस पंधरावा

तीन दिवस तिच्याशी वाद घालते आहे. हरते आहे.

"तू त्याला पाहिलंही नाहीस," मी म्हटले.

"तुमच्या गोष्टींतल्या कितीजणींनी पाहिलं होतं?"

"त्या गोष्टी आहेत, सूवन."

"मग त्या खऱ्या म्हणून का पाठ करून घेतल्यात?"

मी दुसरीकडून गेले. "विधवेचं जिणं म्हणजे काय ते ठाऊक आहे तुला? माझ्याकडे बघ जरा."

"बघतेच आहे की," ती म्हणाली. "सहा वर्षं."

हा उद्धटपणा मी गिळला आणि सारे सांगितले. सणाला कोपऱ्यात उभे राहायचे. भावजयीच्या घरी पाहुण्यासारखे जेवायचे. या गावाहून त्या गावाला पेटी घेऊन हिंडायचे, आज या घरी, उद्या त्या. होडीत एकटीने बसून पाण्याकडे बघत राहायचे. आपले असे कुणी नाही, कुठे जातेस म्हणून विचारणारे कुणी नाही. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांत पाणी आले.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिची नजर सारा वेळ माझ्या पेटीवर होती.

चौथा महिना, दिवस एकोणिसावा

बाईसाहेबांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "मला का वाटतं तिनं जावं? पण बाई, तिच्यासारखं बोलायला मला कुठं येतं? माझ्या तोंडून एवढंच निघतं, जाऊ नको गं. हे काही कारण झालं का, म्हणते ती. पाच दाखले देते." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत ना तिला? मग तुम्हीच काढा आता तिच्या डोक्यातून."

प्येन साहेब काठावर बसलेल्या माणसासारखे. एकीकडे लेक, दुसरीकडे निष्ठावंत कन्येच्या गौरवासाठी गावाच्या वेशीत उभी राहू शकणारी दगडी कमान, तिच्यावर सम्राटांच्या आज्ञेने कोरलेले प्येन हे नाव. कमानीकडचे पारडे रोज थोडे खाली जाते.

एकटे थोरले प्येन खवळले. "शिकलेल्या पोरीनं पाहुण्यांपुढं केलेलं भाषण वेगळं आणि पूर्वजांपुढं दिलेला शब्द वेगळा. पूर्वजांच्या पाट्यांसमोर तिनं शपथ म्हणायची. स्वतःच्या तोंडानं, शेवटपर्यंत. मध्ये थांबली तर मी तिथंच उठेन आणि सांगेन, पोरीच्या मनात नाही. मग बघतो तिला कोण नेतो ते!"

म्हातारा भला आहे, पण त्याला माझ्या विद्यार्थिनीची ओळख नाही. सूवन आणि मध्ये थांबेल? गेल्या दोन वर्षांत मी तिला एक शब्द दिलेला नाही.

पाचवा महिना, दिवस दुसरा

जेवण जात नाही. शिकवणेही बंद आहे. सूवन शपथेचा मजकूर स्वतः लिहिते आहे. मला दाखवलाही. एकही दोष काढता आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटले, हिला अक्षरओळख झाली नसती तर! लिऊ दाईसारखी अडाणी राहिली असती, तर आज हंबरडा फोडून म्हणाली असती, मला नाही जायचं तिकडं, आणि नाही त्या यांगचौवाल्याकडंही. आणि कुणीतरी ऐकले असते.

पाचवा महिना, दिवस आठवा

कूंचे पत्र आले. साहेबांनी सर्वांसमोर वाचले. आम्ही बायका पडद्याआड.

सुनेचा स्वीकार करतात. पुढे भाऊबंदांतला एक मुलगा तिच्या नावे दत्तक देतील. राहायला मागची वरची खोली. पांढरे कपडे, दिवसाला ठरावीक तागाची कताई. आणि शेवटी, "आमच्याकडे ऐकिवात आहे की मुलगी विदुषी आहे. तरुण विधवेच्या हाती लेखणी असली की मन भरकटते, अशी आमच्या घराण्याची धारणा आहे. तरी लेखणी, शाई, कागद आणि पुस्तके पाठवू नयेत. ग्रंथांची माडी पुरुषांकडे आहे व तिला कुलूप असते."

सूवनच्या हातातली चहाची वाटी पडली. मी तुकडे गोळा केले. उभे राहून राहून मुलीच्या हातापायांतला जीव गेला आहे. चार दिवस फक्त पातळ भात खाते, उपास म्हणून.

पुस्तकांचे मला वाईट वाटले, पण तिला त्याचे काय? तिचे मन आता निष्ठेशिवाय कशातच नाही. दाईला म्हटलेसुद्धा, निदान हे दुःख तरी तिला होणार नाही. दाईने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले आणि फुटकी वाटी घेऊन गेली.

पाचवा महिना, दिवस अकरावा

काल झाले ते आज सकाळी लिहिते आहे. काल लेखणी धरवली नाही.

पूर्वजांच्या दालनात साठ माणसे. पुढे पाट्या, उदबत्त्या. डावीकडे पुरुष, थोरले प्येन सर्वांत पुढे बसलेले, काठीवर दोन्ही हात. सूवन पाट्यांकडे तोंड करून उभी. बायका तिच्या मागे, आणि बायकांत पहिली मी, तिची गुरू म्हणून. दोन हातांच्या अंतरावर तिची पाठ. रोज सकाळी असते तशी.

ती म्हणायला लागली. आवाज स्वच्छ. पूर्वजांची नावे, घराण्याचे उपकार, कूंशी जुळलेले नाते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, तरी कान प्रत्येक शब्द तोलत होते. हा मेला कान माझ्या ताब्यात नाही. एकीकडे मनात देवाला विनवत होते, हिची वाचा बसू दे. आणि दुसरीकडे साऱ्या गावापुढे ती किती सुरेख म्हणते आहे म्हणून ऊर भरून येत होता. खोटे कशाला लिहू? येत होता.

"आजपासून कूंचं दार हेच माझं दार," ती म्हणाली आणि थांबली.

मला वाटले श्वास घेते आहे. पण श्वास घेऊन झाला तरी ती बोलेना. कुणीतरी खाकरले. उदबत्तीची राख पडली. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. थोरल्या प्येनांनी काठी जमिनीवर घट्ट रोवली आणि उठायला म्हणून पुढे झुकले.

आणि मी पुढचा शब्द दिला.

हळूच, रोजच्यासारखा. "दुसरं दार..."

मनात आणून नाही दिला. मनात यायच्या आधीच तोंडातून गेला होता. तिचे खांदे एकदम खाली आले. मग तिने तो शब्द उचलला, सहा वर्षे उचलत आली तसा, "दुसरं दार मला नाही," आणि शेवटपर्यंत न थांबता म्हटले.

थोरले प्येन तसेच अर्धवट उठलेले राहिले. मग बसले.

पोरीला ऐन वेळी विसर पडला, आणि विसराचा तो एक क्षण देवाने दिला होता, तो मी माझ्या जिभेने बुजवला. माझी जीभ झडो!

पाचवा महिना, दिवस तेरावा

थोरले प्येन वर्गाच्या खोलीत आले. गेल्या सहा वर्षांत कधी आले नव्हते. रिकाम्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"बाई, शपथेचा मजकूर कुणी लिहिला होता?"

"तिनंच."

"कितींदा?"

"पंधरा-वीस वेळा तरी. शब्द न् शब्द घासून."

"आणि ती विसरली?"

मी हातातली पुस्तके पेटीवर ठेवली.

"मी श्वास मोजत होतो," ते म्हणाले. "नऊ झाले. पोरीनं नऊ श्वास वाट पाहिली माझी. माझे गुडघे म्हातारे, लवकर उठवत नाही. अजून एक मिळाला असता तर मी उभा होतो." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही तुमचं काम केलंत."

याहून त्यांनी काठीने मारले असते तरी चालले असते.

ती विसरली नव्हती. जे बोलायला मी तिला कधी शिकवले नाही, ते तिने न बोलून सांगितले. साठ माणसांत ते एका म्हाताऱ्याला कळले आणि तिच्या गुरूला कळले नाही.

पाचवा महिना, दिवस चौदावा

प्येन साहेबांकडे गेले. ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, सगळ्या गावानं ऐकलं. कमानीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडं गेला. आता मागं घेतलं तर तिच्याशी लग्न कोण करणार? यांगचौवालाही नाही. आणि काय सांगू लोकांना, शब्द तिचा नव्हता, बाईंचा होता?"

दाईने मला गुपचूप सूवनच्या खोलीत सोडले. पांढऱ्या कपड्यांत ती खिडकीशी बसून लेखण्या धूत होती. धुऊन, टोके नीट करून बांबूच्या नळीत ठेवत होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. गुरू शिष्येपुढे असे बसत नाही.

"तुला नाही जायचं. हो ना? एकदा माझ्यापुढं म्हण. साधं म्हण. मला जायचं नाही, एवढंच. मी दारं ठोठावीन, पाय धरीन, अधिकाऱ्याच्या पालखीपुढं आडवी पडेन."

तिने लेखणी खाली ठेवली. "गुरुबाई, आईवडिलांनी सोळा वर्षं सांभाळलं," ती म्हणाली. मग एक दाखला दिला. मग कूंच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या जिवांची सेवा करणे हे आपले कर्तव्य कसे, ते सांगितले. मान, दाखला, कर्तव्य. आवाजात कंपही नव्हता.

मी त्या कर्तव्याच्या पोटात शोधले. तिला काय हवे आहे ते तिथे असायला हवे होते, मीच ठेवायला शिकवले होते. काही नव्हते. आत काहीसुद्धा राहिले नव्हते.

निघताना तिने लेखण्यांची नळी माझ्या हातात दिली. दोरीने बांधलेली, दोन वेढे आणि गाठ डावीकडे.

पाचवा महिना, दिवस सोळावा

गेली. होडीला पांढरा पडदा होता. दाईला सोबत दिले आहे, शरदापर्यंत. पायऱ्यांवर पंडित, शेजारी, अधिकाऱ्याचा कारकून. बाईसाहेब घरातच पडून होत्या. त्यांचे रडणे कालव्यापर्यंत ऐकू येत होते. आता किडे नाहीत, रडायला हरकत नाही.

सूवनने सर्वांना रीतीने नमस्कार केले. माझ्यापुढे तीनदा वाकली आणि लोकांना ऐकू जाईल असे म्हणाली, "गुरुबाईंनी माझी एकही चूक राहू दिली नाही."

सगळे वाहवा म्हणाले.

आठवा महिना, दिवस विसावा

भावाकडे आहे. महिन्याभरात चार घरांची बोलावणी आली. निष्ठावंत कन्या घडवणारी बाई म्हणून माझे नाव झाले आहे. चौघांनाही नाही म्हटले. भावजय म्हणते, "नाही म्हणायला काय जातंय? भात माझ्या चुलीवर शिजतो." बरोबर बोलते.

पण पाठ करून उभी राहिलेली पोर मला बघवणार नाही. गल्लीत कुणी पाठमोरे उभे दिसले तरी मी जीभ दातांखाली धरते.

पुन्हा पुन्हा विचार करते, कशाने तिने हा रस्ता धरला? त्या पुस्तकांनीच. दुसरे काय होते तिच्यापुढे? त्या शंभर वेळा लिहिलेल्या मेलेल्या बायका, आणि मी.

नववा महिना, दिवस चौथा

आज लिऊ दाई आली. कूंनी तिला परत पाठवले, आता गरज नाही म्हणून. खूप वाळली आहे. भावजयीने बरे मनाने चहा दिला.

"खाते ना?" मी विचारले.

"खाते. सासू वाईट नाही हो. वाटी वेळेवर पाठवते, कधी चढून वर येत नाही. ताग कातते पोर. बोलत नाही. मी एकदा म्हटलं, रड तरी. तर म्हणाली, त्याचा दाखला नाही."

दाईने बाहीने नाक पुसले. "सकाळची मात्र एक रीत आहे तिची. चहा झाला की उठते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि म्हणायला लागते. तेच, पूर्वजांपुढं म्हटलेलं. मलासुद्धा ऐकून ऐकून पाठ झालं होतं जवळजवळ. दारापर्यंत येते, कूंचं दार हेच माझं दार, आणि थांबते. मग नुसती उभी. मी मागं बसलेली असायची. पुष्कळ वेळ उभी राहते हो. पाय दुखत असतील. मग तशीच वळते आणि कातायला बसते."

मी तिची वाटी पुन्हा भरली.

"मी विचारलं, विसरतेस का गं? तर नाही म्हणाली. म्हटलं, मग थांबतेस कशाला? तर म्हणाली, दाई, कुणी काही बोललं नाही ना? मी म्हटलं, इथं मी आणि तूच, कोण बोलणार? तर बरं वाटल्यासारखं दिसलं तिला." दाई पुढे सरकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मी अडाणी बाई. माझं पाठांतर अर्ध्यावरच राहिलं. आता वर्षअखेरीला फराळ घेऊन मला परत जाऊ देणार आहेत, एक दिवस. तर म्हटलं, जाण्याआधी बाईंना विचारून घ्यावं. तो पुढचा शब्द काय आहे हो? मला सांगून ठेवा. पोर अडकली की मी देईन तिला."

मला आठवत नाही, असे मी तिला सांगितले.